खोकल्याचे औषध आणि रक्तदाब
(वर्षावासानिमित्त संस्थेच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



पावसाळा आला की घरोघरी खोकला येतो. आमच्या मातोश्रींसाठी आम्ही दुकानातून अशीच एक बाटली आणली. त्यांना रक्तदाबाचा विकार आहे, हे दुकानदाराला सांगायचे राहिले. दोन दिवसांत डोके जड झाले, छाती धडधडू लागली, रक्तदाब चढला. डॉक्टरांनी बाटलीवरचे बारीक अक्षरातले नाव दाखविले : फिनाइलेफ्रिन. बँकेत आम्ही लोकांना 'वाचल्याशिवाय सही करू नका' असे सांगतो. पण औषध मात्र न वाचता आईला पाजले!

फिनाइलेफ्रिन, स्यूडोएफेड्रिन ही द्रव्ये चोंदलेले नाक मोकळे व्हावे म्हणून दिली जातात आणि ती रक्तवाहिन्या आकुंचित करतात. त्यामुळेच रक्तदाब वाढू शकतो. सर्दी-खोकल्याच्या अनेक मिश्र औषधांत ती असतात. अंगदुखीवरील आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्यांनीही रक्तदाब वाढू शकतो. कोरड्या खोकल्यासाठी नुसते डेक्स्ट्रोमेथॉर्फन किंवा कफासाठी नुसते ग्वायफेनेसिन सहसा रक्तदाब वाढवीत नाही. तरी तेही डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

घरगुती ते सारे निर्धोक, हाही समज खरा नाही. ज्येष्ठमधाचा काढा बरेच दिवस घेतल्यास शरीरात मीठ-पाणी साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब चढतो. त्यापेक्षा कोमट पाणी, वाफ, गुळण्या आणि मधुमेह नसल्यास चमचाभर मध बरा.

कधी कधी खोकल्याचे मूळ रक्तदाबाच्या गोळीतच असते. एनालाप्रिल, रामिप्रिल अशा 'प्रिल'ने संपणाऱ्या गोळ्यांनी काहींना कोरडी ढास लागते. ती बाटल्यांनी थांबत नाही. मात्र गोळी आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टर ती बदलून देतात. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी व उपचार मोफत होतात.

भगवान बुद्धांनी आजारी भिक्खूला स्वतः आंघोळ घालून त्याची सेवा केली. आपण निदान औषधावरचे नाव तरी वाचावे. ते बहुधा इंग्रजीत असते; घरातील वडीलधाऱ्यांना ते वाचता येतेच असे नाही. विद्यार्थी मित्रहो, बाबासाहेबांमुळे आपल्या हाती अक्षर आले. आज घरी गेल्यावर आजी-आजोबांच्या बाटल्या-गोळ्यांवरची नावे वहीत उतरवा आणि दवाखान्यात, औषधाच्या दुकानात जाताना ती वही जवळ ठेवा. 'आम्हाला रक्तदाब आहे' हे वाक्य आधी बोला, औषध मागून मागा.

जय भीम! नमो बुद्धाय!