नोकरी लागली, पण कोणत्या पायरीवर?

(पहिल्या पिढीतील पदवीधरांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



तुमच्यापैकी बरेच जण स्पर्धा परीक्षेची तयारी करताय. गावी गेलं की पहिला प्रश्न येतो, "लागलं का कुठं?" आपल्या घरांत 'लागणं' म्हणजे सरकारी नोकरी लागणं. मीही एका केंद्रीय कार्यालयात लागलो. घरातला पहिला पदवीधर होतो. पुढची सगळी वर्षं वेतन शाखेत पगाराची बिलं केली. आज त्या बिलांबद्दलच बोलणार आहे, कारण जात पगारपत्रकात जितकी स्वच्छ दिसते तितकी क्वचितच कुठे दिसते.

२०१६ साली सातवा वेतन आयोग लागू झाला. शाखेत थकबाकीचे हिशेब चालले होते. कुणी फ्लॅटचं बोलत होतं, कुणी गाडीचं. आमच्या मजल्याची सफाई करणाऱ्या मावशी माझ्या टेबलाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "दादा, आम्हाला किती वाढंल?" मी म्हणालो, "मावशी, तुमचा पगार ठेकेदार देतो. आयोग तुम्हाला लागू नाही." त्या "बरं" म्हणाल्या, फडकं पिळलं आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या. त्याच मजल्यावर दुसऱ्या एक मावशी होत्या, जुन्या भरतीतल्या, कायम. झाडू तोच, जिना तोच. एकीचं नाव माझ्या बिलात होतं, दुसरीचं नव्हतं.

हा फरक किती असतो? ऑक्टोबर २०२४ चा हिशेब घ्या. केंद्राच्या सर्वांत खालच्या पायरीवरच्या कर्मचाऱ्याचं मूळ वेतन १८,००० रुपये. त्यावर ५३ टक्के महागाई भत्ता, म्हणजे ९,५४०. मुंबईसारख्या शहरात ३० टक्के घरभाडं, ५,४००. झाले ३२,९४०. प्रवास भत्ता वेगळा, दरवर्षी ३ टक्के वेतनवाढ वेगळी. त्याच महिन्यापासून मोठ्या शहरातल्या अकुशल सफाई कामगारासाठी केंद्राचं किमान वेतन होतं दिवसाला ७८३ रुपये. २६ दिवसांचे २०,३५८. तेही ठेकेदारानं पूर्ण दिले तर. महिन्याला साडेबारा हजारांचा फरक. एका मुलीच्या कॉलेजची फी, खोलीभाडं, पुस्तकं यातून निघतात. म्हणजे तुमच्यासारखी आणखी एक पदवीधर त्या फरकातून उभी राहते, किंवा राहत नाही.

लोक म्हणतात, सरकारी नोकरीत तुम्ही आरक्षणामुळे आलात. हे अर्धंच खरं आहे. वतनदार महार हा सरकारचाच नोकर होता. निरोप पोचवायचे, साऱ्यासाठी माणसं बोलवायची, आलेल्या अंमलदाराच्या दिमतीला उभं राहायचं. कामाला वेळ नाही, सुट्टी नाही. एक आजारी पडला तर घरातल्या दुसऱ्यानं जायचं. मोबदला काय? जमिनीचा तुकडा आणि गावानं दिलं तर बलुतं. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं. कामं ठरवून द्या, बलुत्याऐवजी रोख द्या, ज्याला वतन सोडायचं आहे त्याला सोडू द्या, असा त्याचा रोख होता. ते वतन कायद्यानं जायला १९५८ साल उजाडावं लागलं.

म्हणून मी म्हणतो, सरकारच्या दारात आपण नेहमीच होतो. प्रश्न होता तो पायरीचा आणि मोबदल्याचा. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच काळात, १९४३ साली, केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखल्या गेल्या. १९७० पासून हे प्रमाण १५ टक्के आहे, आदिवासींसाठी ७.५. मंडलनंतर ओबीसींसाठी २७. या वाटेनं आपण वरच्या पायऱ्यांवर चढायला लागलो.

किती चढलो? डिसेंबर २०२२ मध्ये सरकारनं संसदेत सांगितलं की केंद्रात सहसचिव आणि सचिव स्तरावर ३२२ अधिकारी होते. त्यात अनुसूचित जातींचे १६, जमातींचे १३, ओबीसी ३९, आणि खुल्या प्रवर्गाचे २५४. ज्या टेबलावर धोरण ठरतं, वेतन ठरतं, कोणतं काम कायम आणि कोणतं ठेक्यावर हे ठरतं, तिथे आपण शंभरात पाच. कारण निवडीनं होणाऱ्या पदोन्नतीतलं आरक्षण गट 'अ'च्या पहिल्या पायरीपर्यंतच आहे. त्याच्या वर दार उघडं दिसतं, पण ते आतून कोण उघडतं हे तुम्हाला कळतंच.

आता खालचं टोक बघा. सहाव्या वेतन आयोगानंतर केंद्रात गट 'ड' राहिला नाही, तो 'क'मध्ये विलीन झाला. कागदावर सन्मानच झाला. पण झाडणं, पुसणं, पहारा ही कामं एकामागून एक ठेकेदाराकडे गेली. केंद्राचा नियम असा की ४५ दिवस किंवा त्याहून जास्त चालणाऱ्या तात्पुरत्या नेमणुकीतही आरक्षण द्यायचं. पण माणूस ठेकेदाराचा असला की ती सरकारी नेमणूकच उरत नाही. मग आरक्षण कुठून येणार?

आणि तरीही तिथे माणसं कोण आहेत? गटारं आणि सेप्टिक टँक साफ करणाऱ्या सुमारे ३८,००० कामगारांची नोंद सरकारनं केली. २०२४ मध्ये बाहेर आलेले आकडे सांगतात की त्यात जवळपास ६९ टक्के अनुसूचित जातींचे. ओबीसी आणि आदिवासी धरले तर ९२ टक्के. गटारात उतरायला कोणतीही बिंदूनामावली लागत नाही. तिथलं आरक्षण जात स्वतःच पाळते.

बिंदूनामावलीचं नाव निघालंच आहे तर ती वाचायला शिका. केंद्राच्या सरळसेवा भरतीत चौथा बिंदू ओबीसींचा, सातवा अनुसूचित जातीचा, चौदावा जमातीचा. म्हणजे चार पदांच्या संवर्गात सातवा बिंदू यायला आधीच्यांच्या निवृत्तीची वाट बघत बसायचं. पद एकच असेल तर आरक्षणच नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये थेट भरतीनं ४५ वरिष्ठ पदं भरायची जाहिरात आली, तेव्हा हीच पळवाट होती. आरडाओरडा झाला आणि तीन दिवसांत जाहिरात मागे घ्यावी लागली. कारण कुणीतरी नियम वाचला होता.

मी वाचला नव्हता. मावशींना मी जे उत्तर दिलं ते पुढे कितीतरी दिवस मला बरोबरच वाटत होतं. मग एकदा ठेका कामगारांचे १९७१ चे केंद्रीय नियम हातात आले. २०१६ साली तेच लागू होते. त्यातल्या पंचविसाव्या नियमात होतं की ठेकेदाराचा कामगार मूळ मालकाच्या कामगारासारखंच काम करत असेल, तर वेतनही तेवढंच द्यायचं. वाद असेल तर तो कामगार आयुक्तांकडे नेता येत होता. मी वेतन शाखेत होतो. पदवी माझ्याकडे होती, फाईल माझ्याकडे होती. तरी त्यांना "लागू नाही" असं सांगून मी माझी थकबाकी मोजत बसलो. जातीव्यवस्थेनं आपल्याला पायऱ्यांवर बसवलंय आणि आपण एक पायरी चढलो की खालच्या पायरीकडे पाठ करतो, हे मी त्या दिवशी स्वतःत पाहिलं.

आज परिस्थिती थोडी हलते आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये जगजित सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की समान काम करणाऱ्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यालाही समान वेतनाचं तत्त्व लागू आहे. डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो खटल्यात, केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षं झाडलोट आणि बागकाम करणाऱ्यांना सेवेत कायम करण्याचा आदेश झाला. त्या खटल्याला एका सफाई कामगार बाईचं नाव आहे, हे लक्षात ठेवा. ठेका कामगारांचे जुने नियम जाऊन आता श्रमसंहिता आल्या आहेत. त्यात काय राहिलं आणि काय गेलं, हे वाचण्याची पाळी आता तुमची.

तुमच्याकडून तीनच गोष्टी मागतो. नोकरी लागली की पहिल्या वर्षात आपल्या कार्यालयाची बिंदूनामावली बघा. प्रत्येक खात्यात त्यासाठी संपर्क अधिकारी असतो. दाखवत नसतील तर दहा रुपयांत माहितीचा अधिकार आहे. दुसरं, संघटनेच्या बैठकीत अनुशेष आणि पदोन्नतीबरोबर ठेक्यावरच्या कामगारांचा विषय घ्या. आणि तिसरं, तुमच्या मजल्यावरच्या मावशींना विचारा, पगार किती हातात पडतो, पीएफ कापतात तो भरला जातो का. आठव्या वेतन आयोगाचा अहवाल येईल तेव्हा त्याही तुमच्या टेबलाशी येतील.

तेव्हा मी दिलेलं उत्तर देऊ नका.

जय भीम.