माडीवरची शाळा
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषण येत नाही, घरचेच सांगते. माझ्या मुलाला उशिरा कळते, पायही साथ देत नाहीत. त्याची शाळा भाड्याच्या माडीवर भरते. बारा वर्षांच्या लेकराला पाठुंगळी घेऊन मी रोज जिना चढते. माझी कंबर किती दिवस पुरणार?

१९६४ साली सिंधूताई जोशींनी पुण्यात ‘कामायनी’ काढली, तेव्हा पाठीशी कायदा नव्हता. आज आहे. २०१६ च्या कायद्याने अशा मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. आपल्या राज्यात महानगरपालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चावयाचे आहेत. हा धर्मादाय नव्हे. आपल्याच घरपट्टीतला पैसा आहे.

मागणे थोडे आहे: तळमजला, दाराशी उतार, मुलांना जमेल असा संडास. जागा मात्र गावाबाहेर नको. रिक्षाभाड्यापायी मुले घरी बसतील.

मी एकटी गेले तर “पाहू” म्हणतील. पन्नासजणी गेलो तर अंदाजपत्रकात आकडा मांडावा लागेल. हळदीकुंकवाला येता, तशाच अर्ज द्यायला माझ्याबरोबर या.