मूर्तिजापूरला गाठी उतरतात

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी आधीच कळवलं होतं: 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला, म्हणून 11 घेतलं, आणि तेव्हापासून बॅकअप रात्रभर सरत नाही. बॅकअप का घ्यावा, हे तुम्हाला सांगायला नको.

मी परतवाड्याचा. असं काही अडलं की मला आमची शकुंतला रेल्वे आठवते. अचलपूर ते मूर्तिजापूर 76 किलोमीटर, रूळ अडीच फुटी. पुढची मुंबईची लाइन साडेपाच फुटी. डबा पुढे जाणारच नाही. कापसाची गाठ न् गाठ उतरवायची, दुसऱ्या डब्यात चढवायची. इंजिन कितीही दामटा, ही चढउतार चुकत नाही.

(मागून प्रश्न: शकुंतला चालू आहे का हो?)

बंद आहे. ती पुन्हा धावावी म्हणून आमच्याकडची माणसं अजून झटतात. 1994 पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं.

तर चढउतार. अपग्रेडनंतर पहिल्या खेपेला बॅकअप सगळ्या फायली जुन्या नोंदींशी ताडून पाहतो. त्याच वेळी कॉम्प्युटर शोधाची सूची नव्याने बांधत असतो, आणि अँटिव्हायरस उघडेल ती फाइल तपासतो. गाठ लहान असो की मोठी, हमालाला हेलपाटा पडतोच. म्हणून लग्नाचा एक मोठा व्हिडिओ झटकन जातो आणि दहा हजार बारके फोटो रेंगाळतात.

घरी एवढं करा. चार जीबीची एकच फाइल बॅकअपच्या डिस्कवर टाका. तीही रखडली तर केबल किंवा पोर्ट बघा. यूएसबी 2 चा वेग कागदावर 480 मेगाबिट, यूएसबी 3 चा 5 गिगाबिट. ती पटकन गेली, तर डिस्क बहुधा ठणठणीत आहे. चार्जर लावा, स्लीप बंद करा, रात्रभर राहू द्या. मध्येच तोडू नका.

(एक काकू: आमचा मॅक आहे.)

काकू, 2020 च्या बिग सर या मॅकओएसपासून टाइम मशीन, म्हणजे मॅकचा बॅकअप, नव्या डिस्कवर एपीएफएस ही फाइलरचना वापरतं. जुनी एचएफएस प्लसची डिस्क चालते, पण जुन्याच रुळांवर. नवी घ्या. जुनी मात्र पुसू नका, कपाटात ठेवा.

अँटिव्हायरस पूर्ण बंद करू नका, फक्त बॅकअपच्या प्रोग्रामला सूट द्या.

आणि ताई, तुमच्या बाबांचे अंजनगावचे फोटो असलेली डिस्क उद्या सकाळी घेऊन या. केबल मी आणतो.