शिक्षकाचा शीण आणि विसावा

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत एका सेवानिवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



या परिषदेत आपण दरमहा मुलांच्या प्रगतीचा विचार करतो. कोणते मूल वाचनात मागे आहे, कोणाला हातच्याची वजाबाकी उमगत नाही, कोण वारंवार गैरहजर राहते, याची चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. परंतु ज्याच्या हातून हे सर्व घडायचे, त्या शिक्षकाच्या शरीराची व मनाची विचारपूस आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर सहसा नसते. आज चालकांनी मला विषय निवडण्याची मोकळीक दिली, म्हणून मी तोच विषय घेतला आहे. मी उपदेश करण्यासाठी उभा नाही. ज्या खड्ड्यात मी स्वतः पडलो, तो खड्डा इतरांस दाखवावा, एवढाच माझा हेतू आहे.

माझ्या सेवेची अखेरची काही वर्षे पाथर्डी तालुक्यातील एका दोनशिक्षकी शाळेत गेली. गाव ऊसतोडणीला जाणाऱ्यांचे. दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघत आणि वर्ग ओस पडत. पाडव्याच्या आगेमागे माणसे परतत व त्यांच्याबरोबर मुलेही येत. एका वर्षी असाच तिसरीतील एक मुलगा परत आला आणि पहिल्याच दिवशी हातात एक वही घेऊन माझ्या टेबलापाशी उभा राहिला. कारखान्याच्या तळावर, कोपीत बसून, त्याने ती वही कोणी न सांगता लिहून भरली होती. मी त्या वेळी भ्रमणध्वनीवर कसलीशी माहिती भरीत होतो. ती दुपारी दोनच्या आत पाठवायची होती. मान वर न करता मी म्हणालो, "नंतर दाखव." तो थोडा वेळ थांबला आणि जागेवर जाऊन बसला.

ते 'नंतर' आलेच नाही. पुढे आठ-दहा दिवसांनी मला आठवण झाली. मी वही मागितली, तेव्हा तो म्हणाला, "ती हरवली, गुरुजी." त्याने पुन्हा मला काही दाखवायला आणले नाही.

बंधुभगिनींनो, मी त्या मुलाला मारले नव्हते, रागावलोही नव्हतो. परंतु तीस वर्षांच्या सेवेतील कोणत्याही चुकीपेक्षा ही चूक मला अधिक टोचते. कारण त्या क्षणी मला त्या मुलाविषयी काहीच वाटले नव्हते. पूर्वी असे मूल आले असते तर मी त्याची वही सगळ्या वर्गाला दाखविली असती. हा फरक कोठून आला, याचा मी शोध घेऊ लागलो.

घरीही तीच दशा होती. जेवताना भ्रमणध्वनी ताटाशेजारी असे. एकदा माझी पत्नी म्हणाली, "अहो, तुम्ही घरी येता खरे, पण पोहोचत नाही." मला तेव्हा तिचा राग आला. आज वाटते, माझ्या दुखण्याचे निदान प्रथम तिनेच केले.

या दुखण्याला इंग्रजीत 'बर्नआऊट' म्हणतात. जळून जळून विझणे, असा त्याचा भाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मान्य केलेल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात त्याची नोंद आहे. तेथे त्याला रोग म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ टिकून राहिला व त्याचा बंदोबस्त झाला नाही, म्हणजे उद्भवणारी ती अवस्था होय, असे म्हटले आहे. तिची लक्षणे तीन सांगितली आहेत. पहिले, शक्ती संपून गेल्यासारखे वाटणे. दुसरे, आपल्याच कामाविषयी दुरावा व कडवटपणा येणे. तिसरे, आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटू लागणे. माझ्या 'नंतर दाखव' या शब्दांत ही तिन्ही लक्षणे होती, हे मला फार उशिरा समजले.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. शिक्षक थकला म्हणजे त्याची निष्ठा कमी झाली, असे आपण समजतो. वस्तुतः ज्याने मनापासून काम केले तोच असा थकतो. आपल्या दुष्काळी तालुक्यांतील शेतकरी उन्हाळ्यात विहिरीवरील मोटार दिवसभर चालवीत नाही. तास-दोन तास उपसा झाला की तो ती बंद करतो आणि झऱ्यांना पाणी भरू देतो. त्याला कोणी आळशी म्हणत नाही, कारण कोरड्या विहिरीवर मोटार चालविली तर ती जळते हे सर्वांना ठाऊक असते. शिक्षकाच्या बाबतीत मात्र आपण हा साधा हिशेब विसरतो, आणि पुष्कळदा शिक्षक स्वतःच तो विसरतो.

या संदर्भात आपल्या सर्वांच्या वंदनीय आद्य शिक्षिकेचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. आपल्या नगरचा फुले दांपत्याच्या कार्याशी संबंध आहे, हे आपण जाणता. येथील मिस फरार यांच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीरावांना प्रेरणा मिळाली होती, आणि सावित्रीबाईंच्या अध्यापन-प्रशिक्षणाच्या संदर्भातही नगरचे नाव घेतले जाते. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली. पुढील आठ वर्षांत सावित्रीबाईंनी किती कष्ट आणि किती निंदा सोसली, हे मी सांगायला नको. १८५६ साली त्या आजारी पडल्या आणि विश्रांतीसाठी सातारा जिल्ह्यातील नायगावी माहेरी गेल्या. त्या वेळी त्यांचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते. तेथून १० ऑक्टोबर १८५६ रोजी त्यांनी जोतीरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. भावाने आपली शुश्रूषा केली, आता प्रकृती सुधारली आहे, पूर्ण बरे वाटताच पुण्यास येईन, असा त्यातील आशय आहे. आपल्यामागे फातिमाला त्रास पडत असेल, परंतु ती कुरकूर करणार नाही, असेही त्यात आहे.

हे पत्र मी अनेकदा वाचले आहे. त्यातून मला तीन गोष्टी दिसतात. ज्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याची कोणाची प्राज्ञा नाही, त्या सावित्रीबाईंनीही प्रकृतीसाठी विसावा घेतला. त्यांच्या अनुपस्थितीत काम सांभाळणारी सहकारी होती, आणि तिच्यावर पडणाऱ्या भाराची जाणीव त्यांना होती. आणि बऱ्या होताच त्या परत आल्या व पुढे चार दशके कार्यरत राहिल्या. तो विसावा त्यांच्या कार्याच्या आड आला नाही. दीर्घ कार्यात तो सामावून गेला.

आता आपल्या स्थितीकडे वळू. क्षेत्रफळाने आपला अहिल्यानगर जिल्हा महाराष्ट्रात सर्वांत मोठा, तालुके चौदा. अकोल्याच्या डोंगरातील वाडी आणि जामखेडच्या माळावरील वस्ती यांच्या अडचणी एक नाहीत. तरीही लहान शाळेतील शिक्षकाची तक्रार सर्वत्र एकच ऐकू येते. चार इयत्ता, दोन शिक्षक, पोषण आहाराचा हिशेब, मतदारयादीचे काम आणि दिवसभर येणारे 'तात्काळ माहिती सादर करावी' असे निरोप. मुलांना शिकविण्याने शिक्षक क्वचितच थकतो. शिकविताना पुनःपुन्हा उठावे लागते, त्याने तो थकतो.

याविषयी कायदा काय म्हणतो, हे आपल्याला माहीत असले पाहिजे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या बालकांच्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ अन्वये दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुकीशी संबंधित कर्तव्ये यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामावर शिक्षकाला नेमता येत नाही. त्याच कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाच्या कामाचे आठवड्याला किमान पंचेचाळीस तास सांगितले आहेत, आणि त्यांत पाठाच्या तयारीचा वेळ धरलेला आहे. म्हणजे रात्री कंदिलाच्या वा दिव्याच्या उजेडात केलेले टाचण हेही कामच आहे, ही गोष्ट कायद्याने मान्य केली आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये असा निर्णय दिला की, मतदारयाद्यांची व निवडणुकीची कामे शिक्षकांकडून सुट्टीच्या दिवशी व अध्यापनाच्या वेळेबाहेर घ्यावीत. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य शासनानेही शिक्षकांच्या कामांची शैक्षणिक व अशैक्षणिक अशी वर्गवारी करणारा निर्णय काढला. हे कागद भांडण्यासाठी नव्हेत, परंतु शाळेच्या फाइलीत ते असावेत. नम्रपणे नाही म्हणताना हाताशी नियम असला म्हणजे बोलणे सोपे जाते.

तथापि सर्व भार कायद्याने हलका होणार नाही. काही गोष्टी आपल्या हातच्या आहेत. मी स्वतः उशिरा शिकलो, त्या सांगतो.

पहिली गोष्ट माहितीच्या वहीची. पटसंख्या, वयोगट, प्रवर्गनिहाय संख्या, खोल्या, स्वच्छतागृहे, धान्यसाठा ही माहिती वेगवेगळ्या तक्त्यांत पुनःपुन्हा मागितली जाते. ती सारी एका वहीत महिन्याच्या पहिल्या दिवशी लिहून ठेवावी. आम्ही असे केल्यावर ज्या कामाला तास जाई ते पाच-दहा मिनिटांत होऊ लागले.

दुसरी गोष्ट वेळेची. आम्ही दोघा शिक्षकांनी ठरविले की, भ्रमणध्वनी मधल्या सुट्टीत एकदा आणि शाळा सुटल्यावर एकदा पाहायचा. वर्गात तो कपाटात राहील. पहिले काही दिवस मला धाकधूक वाटली. परंतु आमच्या उत्तराला दोन तास उशीर झाल्याने कोणतेही संकट कोसळले नाही.

तिसरी गोष्ट वाटणीची. आठवड्याची सर्व कामे एका कागदावर लिहावीत आणि प्रत्येकापुढे विचारावे, हे मीच केले पाहिजे काय? ग्रंथपेटीचे देणेघेणे चौथीची मुले उत्तम सांभाळतात. धान्य मोजून घेताना शाळा व्यवस्थापन समितीचा एखादा सदस्य आनंदाने उभा राहतो. सर्व काही स्वतः करणे हा पुष्कळदा कर्तव्याचा नव्हे, अविश्वासाचा भाग असतो. माझ्या बाबतीत तरी तसे होते.

चौथी गोष्ट रजेची. दोनशिक्षकी शाळेत एकाने रजा घेतली की दुसऱ्यावर चारही इयत्ता पडतात, म्हणून आपण ताप अंगावर काढतो. यावर उपाय एकच. महिन्याच्या आरंभी एकमेकांच्या अडचणी सांगाव्यात आणि रजा आधी ठरवाव्यात. आज तुम्ही माझा भार घ्या, उद्या मी तुमचा घेईन. कुरकूर न करणारा सहकारी ज्याला लाभला, तो भाग्यवान. तसा सहकारी आपणही व्हावे.

पाचवी गोष्ट घराची. शाळा सुटल्यावर थेट घरात न शिरता मी वाटेत बांधावर दहा मिनिटे बसू लागलो. शाळेतील विचार तेथेच आवरायचे आणि मग घरी जायचे. रात्रीच्या जेवणाच्या वेळी भ्रमणध्वनी फडताळावर. आमच्या शिक्षिका भगिनींच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिक कठीण आहे. त्यांची एक शाळा सुटते आणि चुलीपाशी दुसरी भरते. ज्या घरात पतिपत्नी दोघेही शिक्षक आहेत, तेथे एकाने आल्याबरोबर वर्तमानपत्र उघडावे व दुसरीने कणीक मळावी, हे न्यायाचे नाही. भगिनींच्या विसाव्याविषयी बोलणाऱ्या बंधूंनी आधी पाण्याचा हंडा उचलावा.

आणि शेवटची गोष्ट. विश्रांती घेऊनही झोप लागत नसेल, अन्न गोड लागत नसेल, जगण्यातच अर्थ नाही असे विचार मनात येत असतील, तर तो निव्वळ शीण समजू नये. वैद्यकीय सल्ला घ्यावा. त्यात लाज बाळगण्याचे कारण नाही. शासनाची टेलिमानस ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीतून बोलता येते. हा क्रमांक शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवा. आपल्याला नाही, तर एखाद्या पालकाला उपयोगी पडेल.

येथे पर्यवेक्षक मंडळीही बसली आहेत, म्हणून त्यांनाही एक विनंती करतो. 'तात्काळ' हा शब्द जपून वापरावा. प्रत्येक पत्र तात्काळ झाले म्हणजे खरोखर निकडीचे कोणते, हे ओळखू येत नाही. जी माहिती कार्यालयात आधीच आहे ती पुन्हा मागवू नये, आणि सायंकाळनंतरचा निरोप शक्य असल्यास सकाळपर्यंत थांबवावा. शाळाभेटीच्या वेळी टाचणवही पाहण्यापूर्वी एकदा विचारावे, "गुरुजी, बाई, कसे आहात?" या प्रश्नाला कागद लागत नाही.

मित्रहो, तो मुलगा आता मोठा झाला असेल. त्याने वहीत काय लिहिले होते, हे मला कधीच कळणार नाही. उद्या तुमच्यापैकी कोणाच्या तरी टेबलापाशी असेच एखादे मूल वही घेऊन उभे राहील. त्या वेळी मान वर करून ती वही हाती घेण्याइतकी ताकद आणि आस्था तुमच्यापाशी शिल्लक असावी. विसावा घ्यायचा तो एवढ्याचसाठी.