थोरलीचं जांभूळ

आम्ही तिघी सख्ख्या बहिणी, माहेर इथलंच, नेरूळ गावातलं. माइकसमोर मधली बसली आहे, पण बोलणं तिघींचं आहे. काल रात्री फोनवर भांडून ठरवलेलं. म्हणून 'मी' नाही, 'आम्ही'च म्हणतो.

आमच्या आगरी बोलीत झाडाला 'झार' म्हणतात. आजीला दोन मुली झाल्या आणि प्रत्येकीच्या पाठी तिनं शेताच्या बांधावर एकेक आंब्याचं झार लावलं. लावलं म्हणजे काय, खाल्लेल्या रायवळाची कोय पहिल्या पावसात पुरली आणि गुरांनी तोंड घालू नये म्हणून भोवती काटेरी फांद्या रचल्या. कोयीच्या झाडाला फळ धरायला आठ-दहा वर्षं सहज जातात. तोवर लेक हाताशी येते. मोठ्या आत्याचा आंबा आंबट निघाला, निव्वळ लोणच्याचा. धाकटीचा मधासारखा. यावरून दोघी म्हाताऱ्या होईपर्यंत एकमेकींना चिडवायच्या.

शेत मुलग्यांचं, यात तेव्हा कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. पण त्या झाडाचे आंबे लेकीचे, असा आमच्या घरचा रिवाज होता. हंगामात एक पाटी तिच्या सासरी जायचीच. एवढाच काय तो बापाच्या जमिनीतला तिचा वाटा.

मग 1970 साली सिडको आली. नव्या शहरासाठी 95 गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं, त्यात नेरूळही होतं. मोजणीत जमिनीबरोबर बांधावरची झाडंही लिहून घेतली, त्यांची किंमत वेगळी धरली. आंब्यांचे पैसे अर्थातच आजोबांच्या हाती आले. आत्यांची पाटी बंद झाली. झाडं पडली त्या दिवशी आजी तिकडे फिरकली नाही, ओटीवर पापड लाटत बसली होती, असं आई सांगायची.

पुढची गोष्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या घरात घडलेली आहे. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासईकडे मोठं आंदोलन झालं. पाच जणांचे जीव गेले, आणि त्यातून पुढे साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले. आमच्या घरी भूखंडाचे कागद झाले तेव्हा आम्हा तिघींना बोलावणं आलं, हक्कसोडीवर सह्या करायला. केल्या. साड्या मिळाल्या. साड्या चांगल्या होत्या, खोटं कशाला बोला.

आईकडे बांध उरला नव्हता, पण गावठाणातल्या घरापुढे अंगण होतं. 1978 साली थोरली झाली तेव्हा तिनं तिथे जांभळाची बी लावली. मधलीच्या वेळी नारळ लावला, तो वादळात पडला. धाकटीच्या वेळेपर्यंत अंगणात दोन खोल्या उठल्या होत्या. मग तिच्या वाट्याला तेलाच्या डब्यातला कढीपत्ता आला. हे ती अजून विसरलेली नाही. कालच्या भांडणातही निघालंच.

जांभूळ मात्र वाढलं. जूनमध्ये खाली जांभळा सडा पडतो, पांढरे कपडे वाळत घालायची सोय नाही. रात्री वटवाघळं येतात. शेजारचे मोटारीवर पडणाऱ्या डागांवरून कुरकुरतात आणि पाटी भरून पाठवली की गप्प बसतात. वाणही चांगलं निघालं, गर जाड, बी लहान. पूर्वी विहिरीच्या बांधकामात जांभळाचं लाकूड वापरत, कारण ते पाण्यात लवकर कुजत नाही. आई म्हणायची, पोरीसाठी म्हणूनच हे झाड निवडलं. नीट अर्थ तिनं कधी सांगितला नाही, आम्ही विचारलाही नाही.

आता भावाला घर पाडून नवं बांधायचं आहे. त्याची अडचण खरी आहे. सहा माणसं, दोन खोल्या, आणि भाडं आलं तर पोरांच्या शिक्षणाला होईल. पण नव्या नकाशात जिना बरोबर जांभळाच्या जागी आहे. आणि पुन्हा आमच्या तिघींच्या सह्या हव्या आहेत.

या वेळी आम्ही कागद घरी आणला आणि थोडी चौकशी केली. शहरात स्वतःच्या अंगणातलं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही, हा कायदा 1975 चा आहे. 2021 मध्ये त्यात बदल झाला. पन्नास वर्षं आणि त्यापुढचं झाड आता वारसा वृक्ष धरतात. त्याहून लहान झाड तोडायला परवानगी मिळालीच, तर त्याचं जितकं वय तितकी नवी झाडं लावायची. आमचं जांभूळ अठ्ठेचाळीसचं आहे. म्हणजे जिन्यापायी अठ्ठेचाळीस झाडं! ती लावायची कुठे? आम्ही तिघी तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर राहतो.

सरकारची एक योजना आहे 2018 पासून, कन्या वन समृद्धी. शेतकऱ्याच्या घरी मुलगी झाली की दहा रोपं देतात: पाच साग, दोन आंबे, आणि फणस, जांभूळ, चिंच एकेक. वाचून बरं वाटलं. थोरलीला गेल्या वर्षी नात झाली आहे. पण अर्ज ग्रामपंचायतीत करायचा आणि शेतकरी असायला हवं. आमच्याकडे ना ग्रामपंचायत उरली, ना सातबारा. आजी असती तर तिनं रोपाची वाट न पाहता बी पुरली असती, पण तिच्याकडे बांध होता.

भावाला आम्ही सांगितलं आहे, घर बांध, आमचं काही मागणं नाही. खोली नको, पैसे नकोत. जिना उत्तरेला घे आणि बुंध्याभोवती तीन-तीन फूट माती उघडी ठेव, पेव्हर ब्लॉक लावू नकोस. तो म्हणतो, एक खोली लहान होईल. वहिनी आमच्या बाजूनं आहे, पण उघड बोलत नाही. तिलाही मुलगी आहे, दहावीला. तिच्या जन्माला काहीच लावलं गेलं नाही. तेव्हा कुणाच्या लक्षातच आलं नाही, आमच्यासुद्धा.

नकाशा काढणाऱ्याकडे येत्या रविवारी आम्ही तिघी भावाबरोबर जाणार आहोत. सह्यांचा कागद थोरलीच्या कपाटात आहे, त्याच जुन्या साडीच्या घडीत. अजून कोरा आहे.