नगराने सांभाळलेला बादशहा
(जीर्णोद्धार समारंभप्रसंगी झालेले भाषण)



देवळाच्या ओसरीने निराधाराला नेहमीच आसरा दिला आहे. आजच्या मंगलप्रसंगी, सातासमुद्रापलीकडच्या एका नगराने असा माणूस कसा सांभाळला, ते ऐकण्यासारखे आहे.

जोशुआ नॉर्टन हा मूळचा इंग्लंडचा. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत, १८४९ साली तो अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला आला आणि व्यापारात नावारूपाला आला. १८५२ च्या अखेरीस चीनचा तांदूळ येईना, भाव कडाडले. त्याने पेरूहून आलेल्या दोन लाख पौंड तांदळाचा सौदा पंचवीस हजार डॉलरला केला. पाठोपाठ तांदळाची आणखी जहाजे बंदराला लागली व भाव कोसळला. कोर्टकचेरीत वर्षे गेली. १८५६ साली दिवाळे निघाले.

माणूस मनाने खचला. १७ सप्टेंबर १८५९ रोजी वर्तमानपत्रात जाहीरनामा झळकला, की नॉर्टन हा अमेरिकेचा बादशहा आहे! लोक हसले, पण त्याला कोणी हाकलले नाही. पुढे वीस वर्षे लष्करी डगला आणि पिसाची टोपी घालून तो रस्तोरस्ती राज्याची पाहणी करीत हिंडला. रोज पन्नास सेंट भाड्याची खोली हाच त्याचा राजवाडा. त्याने छापलेल्या नोटा लोक कौतुकाने घेत. १८७० च्या शिरगणतीत धंद्याच्या रकान्यात चक्क ‘बादशहा’ अशी नोंद आहे!

१८६७ साली एका पोलिसाने त्याला वेडा म्हणून पकडले. नगरात गहजब उडाला. पोलीसप्रमुखाने त्याला सोडून माफी मागितली. तेव्हापासून पोलीस त्याला सलाम करू लागले.

त्याचे सगळेच बोलणे खुळेपणाचे नव्हते. १८७२ साली त्याने ओकलंडपर्यंत खाडीवर पूल बांधण्याचे फर्मान काढले. तसा पूल १९३६ साली खरोखर झाला.

८ जानेवारी १८८० रोजी व्याख्यानाला जाताना तो रस्त्यातच कोसळला व गेला. गाठीला मोजके पैसे होते. व्यापारी मंडळींनी शिसवी शवपेटी दिली. अंत्यदर्शनाला सुमारे दहा हजार लोक लोटल्याचे वर्तमानपत्रांनी छापले.

मंडळी, नव्या ओसरीला जाळी बसवून कुलूप लावावे, असे काहींचे म्हणणे आहे. कुलूप गाभाऱ्याला जरूर असावे. ओसरी मात्र उघडी राहू द्यावी. रात्री तेथे कोण येऊन टेकेल, आणि काल तो कोण होता, हे सांगता येत नाही.