होळी सगळ्या गावाची

फाल्गुन लागला, की पोरं लाकडं धुंडायला निघतात आणि शाळेची हजेरी पातळ होते. गुरुजी लोकांना हे सांगायला नकोच. म्हणून होळीची आखणी चार दिवस आधी करावी.

आधी जागा. या दिवसांत कडबा, काड, छपरं सगळं वाळून खडखडीत झालेलं असतं. गंजीपासून आणि विजेच्या तारांपासून लांब, मोकळं रान बघा. वारा संध्याकाळचा पाहा, सकाळचा धरू नका. पूर्वेची बाजू उघडी ठेवा. पौर्णिमेचा चंद्र दिवस मावळता मावळता वर येतो. तो दिसेपर्यंत दिवे मालवून सगळ्यांनी अंधारात उभं राहावं. कर्णा नकोच. बोंब मारायला कर्णा कशाला हवा?

होळी दोन पुरुष उंच रचली, की झळ माणसांना मागं रेटते आणि गाव नुसतं बघं होतं. कमरेएवढी असली, तर भोवती रिंगण धरता येतं, म्हातारी माणसं बसू शकतात. मधे एरंड उभा करा, भोवती गोवऱ्या. हिरवं झाड तोडायचं नाही. विदर्भात पोरं शेणाच्या लहान चाकोल्या थापतात, मधे भोक पाडतात आणि सुतळीत ओवून माळा करतात. शाळेनं ही युक्ती उचलावी. घरटी एक माळ आली, की चोरीचं कारण उरत नाही.

चोरीत गंमत असते, हे मला ठाऊक आहे. लहानपणी मीही त्यात होतो. एका वर्षी आम्ही एकट्या राहणाऱ्या एका बाईच्या खोपटाचं कुडाचं दार उचललं. रात्री कुत्र्यांनी आत शिरून तिची शेळी फाडली. बाई भांडली नाही. पण पुढं जगली तोवर तिनं होळीला नैवेद्य आणला नाही, आणि का आणला नाही, हे आम्ही कुणी तिला विचारायला गेलो नाही.

दुसरं भांडण मानाचं. आधी कुणी पेटवायची, यावरून एका गावात दोन होळ्या झालेल्या मी पाहिल्या आहेत. माझं म्हणणं असं, की दर वस्तीतून, अगदी गावकुसाबाहेरच्याही, एका जाणत्या माणसानं आपल्या चुलीतली पेटती गोवरी आणावी आणि सगळ्यांनी एकदमच लावावी. जुनी मंडळी कुरकुरतील. आमच्याकडंही कुरकुरली, दोन वर्षांनी गप्प झाली.

पाण्याचं पिंप आणि वाळूच्या पाट्या जवळ असू द्या. पोरं अनवाणी राखेत शिरतात, त्यांना आवरा. नारळ भाजून निघाले, की प्रसाद वाटा. पण सगळेच घरी जाऊ नका. दोघा-तिघांनी राखणीला बसावं. पहाटे त्याच निखाऱ्यांवर अंघोळीचं पाणी तापवायला बाया घागरी घेऊन येतील, तेव्हा विस्तव जागा असायला हवा.